हौसेचा लेथ

लेथ म्हणजे काय, हे कोल्हापुरात कुणाला सांगावं लागत नाही. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. लोखंडाचा तुकडा यंत्रात धरून गरगर फिरवायचा आणि त्याला धारेचं हत्यार टेकवून हवा तो आकार काढायचा. बोल्ट, पुल्या, पंपाचे दांडे असेच निघतात. आमच्या उद्यमनगरात गल्लोगल्ली लेथ. माझा नवरा तसल्याच एका शेडमध्ये टर्नर होता, म्हणजे लेथवर काम करणारा. तो गेला तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. मूलबाळ नाही, शिक्षण चौथी. माझ्याबद्दल एवढं पुरे.

विम्याचं मात्र कोल्हापुरातही सांगावं लागतं, कारण विमा म्हटलं की लोकांना मरणच आठवतं. मी ज्या ऑफिसात होते तिथं मरणाचा विमा नव्हता. आग, चोरी, मोटार, घर, असल्या वस्तूंचा होता. मोठ्या दुष्काळाच्या पुढच्या वर्षी मी शाहूपुरीतल्या त्या ऑफिसात रोजंदारीवर लागले. झाडणं, पाणी भरणं, चहा आणणं, पत्रं पोचवणं ही माझी कामं. त्यातून पुढं वेगळंच काम अंगावर आलं.

आमचे सामंतसाहेब घरांचे विमे बघत. विमा उतरवण्याआधी घर बघावं लागतं. खिडक्यांना गज आहेत का, कड्याकुलपं धड आहेत का, कपाटात लिहून दिलंय ते खरंच आहे का. साहेब दारात उभे राहिले की बाई आतून म्हणायची, "मालक न्हाईत घरात. पावणं, तितंच थांबा." मालक असले तरी झोपायच्या खोलीत परक्या पुरुषाला कोण नेणार? साहेब बैठकीत पोहे खाऊन परत यायचे आणि कागदावर अंदाजानं लिहायचे. एकदा त्यांनी मला बरोबर नेलं. मी थेट माजघरात गेले, गज हलवून बघितले, कपाट उघडायला लावलं आणि यादी लिहून आणली. साहेबांनी यादी वाचली आणि म्हणाले, "इंदूबाई, झाडू दुसऱ्याकडं द्या."

दुसऱ्याकडं काही गेला नाही. झाडूही माझ्याकडंच राहिला आणि यादीही.

माझ्या याद्या 'भांडी' या शब्दानं सुरू व्हायच्या, कारण घरात शिरलं की आधी स्वयंपाकघर. अक्षर माझं चांगलं. 'भ' तर मी वर गाठ मारून काढते, आमच्या गुरुजींनी तसाच शिकवला होता. टाइप करणाऱ्या पोरी म्हणायच्या, इंदूबाईंची यादी लांबून ओळखू येते.

घराच्या विम्यात भांडीकुंडी, कपडे, पलंग, सगळं एकात धरतात. पण एखादी वस्तू फार महाग असेल तर ती यादीत वेगळी लिहावी लागते, तिची किंमत आणि खूण टाकून. नाही लिहिली तर चोरीनंतर कितीही रडा, ती साध्या भांड्याच्या भावात जाते. हौसेला मोल नाही म्हणतात. आमच्या ऑफिसात हौसेचं मोल आधी लिहून द्यावं लागे. आणि दुसरी अट अशी की वस्तू खरंच हौसेची पाहिजे. त्या वस्तूवर पोट भरत असाल तर तो धंदा झाला. धंद्याचा विमा वेगळा, त्याचा हप्ता मोठा. घराच्या विम्यात धंद्याची वस्तू लपवली तर कंपनी एक पैसा देत नाही.

हौशी माणसं किती तऱ्हेची असतात ते मी या नोकरीत बघितलं. एका डॉक्टरांनी घरात सिनेमा दाखवायचं यंत्र आणलं होतं. बायकोनं ते गाद्यांच्या मागं कोंबलेलं. मी विचारलं, चोराला सापडणार नाही असं ठेवलंय का? ती म्हणाली, "चोर आला तर मीच दाखवीन कुठं हाय ते. न्हेऊ दे एकदा." एक मिस्त्री होते, त्यांची कबुतरं स्पर्धेत उडायची. त्यांना कबुतरांचा विमा पाहिजे होता.

मी म्हटलं, "कबुतरं घराच्या विम्यात बसत न्हाईत."

"का न्हाईत? घरातच ऱ्हात्यात की."

"दिवसभर बाहेर असत्यात."

"माझं पोरगं बी दिवसभर बाहेर असतंय. मग ते घरचं न्हवं व्हय?"

"त्याचा बी विमा आमी उतरवत न्हाई," मी म्हटलं. ते हसले आणि चहा पाजून माघारी पाठवलं.

आणि मग मुरगूडकर अण्णा. ज्यांच्यासाठी हे लिहायला बसले ते.

अण्णा वारणानगरला साखर कारखान्याच्या कचेरीत मोठे कारकून होते. बायको वारली, मुलगा नव्हता, एक मुलगी लग्न होऊन लांब गेलेली, बहीण तेवढी गारगोटीला. निवृत्त झाल्यावर शाहूपुरीत एका घराच्या मागच्या अंगाला दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहिले. फंडाचे पैसे आले त्यातून त्यांनी विलायती बनावटीचा छोटा लेथ घेतला. टेबलावर मावणारा, दोघांनी उचलला तर उचलेल एवढा. त्याचा विमा त्यांना घराच्या विम्यात पाहिजे होता.

सामंतसाहेब अर्ज वाचून हसले. "कोल्हापुरात हौसेचा लेथ? उद्या म्हणतील हौसेची पिठाची गिरणी. इंदूबाई, जाऊन बघून या. बोल्ट पाडून विकत असतील."

मी गेले. दार उघडलं तसा लोखंड कापताना सोडतात त्या तेलाचा वास आला. माझा नवरा घरी यायचा तो याच वासाचा. मी आत गेले आणि आधी लेथच्या खाली बघितलं. धंद्याच्या लेथखाली लोखंडाचा कीस घमेल्यानं निघतो, आणि सगळा एकसारखा असतो, कारण एकच माल दिवसभर पाडायचा असतो. इथं कीस चिमटीनं उचलावा एवढा, त्यात पितळ, लोखंड, ॲल्युमिनियम सगळं मिसळलेलं. गिऱ्हाइकाचा कागद नाही, मापाचा नमुना टांगलेला नाही. टेबलावर पितळेचे दोन रूळ होते, अंगठ्याएवढे.

"हे कशाचं हाय?" मी विचारलं.

"उसाच्या चरकाचं. तीस वर्षं कचेरीच्या खिडकीतून मोठा चरक बघितला. हात लावायला कधी मिळाला नाही. म्हटलं छोटा तरी करू. तीन रूळ लागतात. दोन झालेत."

"आनि ह्यो इकणार कुणाला?"

"एवढ्यानं कुणाचा ऊस पिळणार, बाई?"

मी यादीत लिहिलं, 'लेथ एक, हौसेचा', आणि कीस कसा होता तेही लिहिलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि विमा मंजूर केला. कीस बघून धंदा ओळखणारी बाई कंपनीत दुसरी नव्हती. याचा मला गर्व होता आणि आहे.

दर वर्षी नूतनीकरणाचा कागद घेऊन मी त्यांच्याकडं जायची. मग वर्षाची वाट न बघता जाऊ लागले. ऑफिस सुटलं की वाटेतच घर होतं. अण्णा लेथवर असायचे, मी रिकाम्या खोक्यावर बसायची. ते फार बोलत नसत, मीही नाही. मी एका खोलीत राहायची. संध्याकाळी घरी गेले की दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडेपर्यंत तोंडातून शब्द निघत नसे. सकाळी पहिला शब्द बोलताना घसा खरवडायचा. अण्णांचंही तसंच होतं हे मला कळत होतं, कारण मी गेले की त्यांचा पहिला शब्दही घोगरा यायचा. शेजारीण खिडकीतून बघायची. बघू दे म्हटलं.

तिसऱ्या रुळाला त्यांना तीन वर्षं झाली तरी जमत नव्हतं. केसभर इकडंतिकडं झालं की तुकडा बाजूला टाकायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. एकदा मी म्हटलं, "एवढं चालतंय की. उद्यमनगरात ह्याच्यापेक्षा वाकडं खपतंय."

"खपवायचं असतं तर चाललं असतं," ते म्हणाले.

आता खंडेनवमीचं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा करतात. सुताराची करवत, शेतकऱ्याचा नांगर, ड्रायव्हरची गाडी. आमच्या ऑफिसात टाइपरायटरला झेंडूचा हार घालायचे. उद्यमनगरात त्या दिवशी सगळे लेथ धुऊन पुसून फुलांनी झाकतात. यंत्रावर हळदकुंकू, मागच्या भिंतीवर ओल्या कुंकवानं 'शुभ लाभ'. मग दसरा होईपर्यंत यंत्राला हात लावायचा नाही. माझ्या नवऱ्याच्या शेडमध्ये भिंतीवर लिहायला मलाच बोलवायचे, अक्षर चांगलं म्हणून.

त्या वर्षी ऑफिसची पूजा आटोपून उरलेले झेंडू पिशवीत घालून मी अण्णांकडं गेले. बघते तर लेथ नुसता उघडा. फूल नाही, कुंकू नाही.

"अण्णा, आज खंडेनवमी. यंत्र असं बोडकं ठिवायचं?"

"पूजा पोटाच्या हत्याराची करतात, बाई. हे माझं पोट नाही."

"लोखंड त्ये लोखंड. त्याला काय कळतंय तुमची पेन्शन हाय त्ये."

ते हसले. मी लेथ पुसला, हार घातला, लिंबू ठेवलं. वाटीत कुंकू कालवलं आणि मागच्या पांढऱ्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, शुभ लाभ. वर गाठीचे दोन 'भ'. अण्णा लांब जाऊन बघत राहिले. "चांगलं दिसतंय," म्हणाले.

"आता दसऱ्यापतोर हात लावायचा न्हाई," मी म्हटलं. "दोन दिवस रिकामे हाईसा, भनीकडं जाऊन या गारगोटीला."

ते कुठं जात नसत. लेथ सोडवत नसे त्यांना. पण हात लावायचाच नाही म्हटल्यावर बसून तरी काय करणार? दसऱ्याला सकाळच्या एसटीनं गेले. तिसऱ्या दिवशी परत आले तेव्हा मागच्या खिडकीचे गज कापलेले, मागचं दार सताड उघडं, आणि लेथ गेलेला. हार खाली पडला होता. पितळेचे दोन रूळ तेवढे टेबलावर होते.

पोलिसांचा पंचनामा झाला. मग कंपनीचा सर्व्हेअर आला. चोरी खरी का खोटी, कंपनीनं पैसे द्यावेत का, हे सर्व्हेअर ठरवतो. हा बाहेरगावचा होता, कडक. गज कापलेले बघितले, चोरी खरी आहे म्हणाला. मग भिंत बघितली. फोटो काढून घेतला.

ऑफिसात साहेबांच्या टेबलावर त्यानं तो फोटो ठेवला तेव्हा मी चहाचे कप मांडत होते.

"साहेब, तुमचं गाव यंत्रांचं. तुम्हीच सांगा," सर्व्हेअर म्हणाला. "हौसेच्या वस्तूची खंडेनवमी कोण करतं? तबला वाजवणारा हौशी माणूस तबल्यामागं लाभ लिहितो का? लाभ कशाचा? तुमची यादी जुनी झाली, आता लेथ धंद्याचा आहे. घराच्या विम्यात लपवला."

"त्यांना विचारलंत?" साहेबांनी विचारलं.

"विचारलं. म्हणाले, पूजा मीच केली, मीच लिहिलं. का केली म्हटलं तर गप्प. लेखी घेतलंय."

साहेबांनी फोटो उचलला. बराच वेळ बघत राहिले. त्यांच्या उजव्या हाताला माझी सकाळचीच एक यादी पडली होती. वरती पहिला शब्द, भांडी.

"इंदूबाई," ते म्हणाले. "तुम्ही जाता त्या घरी. हे अक्षर कुणाचं असेल?"

तेव्हा मला रोजंदारीवर सात वर्षं झाली होती. मला कायम करावं म्हणून साहेबांनी स्वतः वरच्या ऑफिसला लिहिलं होतं आणि कागद पुढच्या महिन्यात येणार होता. विमेदाराच्या घरी जाऊन तिथल्या वस्तूला हात लावला, भिंतीवर लिहिलं, हे कळलं असतं तर कायम होणं राहिलं बाजूला, रोजंदारीही गेली असती. आणि मी 'पूजा मी केली' एवढं म्हटलं असतं तर अण्णांचा लेथ परत मिळाला असता. लेथ नाही तर त्याची किंमत. दुसरा घेता आला असता, तिसरा रूळ झाला असता. दोन्ही गोष्टी मला त्याच वेळी कळत होत्या. कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही.

"काय म्हाईत," मी म्हटलं, आणि कप उचलायला लागले. त्यांत अजून चहा होता.

साहेबांनी पुन्हा विचारलं नाही.

नकाराचं पत्र टाइप झालं. पत्रं पोचवणं माझंच काम, ते मी पोचवलं. अण्णा टेबलाजवळ बसले होते. टेबलावर लेथच्या पायांचे चार ठसे, तेलाचे, तसेच होते. त्यांनी पत्र वाचलं, घडी घातली.

"तुमच्या नोकरीचं काय झालं, बाई?"

"फुडल्या म्हयन्यात कायम हुतोय म्हनत्यात."

"झालं तर मग."

"अण्णा, तुमी माझं नाव का सांगितलं न्हाईसा?"

"मला दुसरं काय करायचं होतं? रूळच करायचा होता ना. तुम्हाला पोट आहे." मग म्हणाले, "मला वाटलं, तुम्ही सांगाल."

रागानं म्हणाले नाहीत. वाटलं ते सांगितलं, एवढंच. राग केला असता तर मी भांडले असते. भांडता येतं मला.

मी वाटीत पाणी घेतलं, पदराचं टोक भिजवलं आणि भिंतीवरची अक्षरं पुसायला लागले. चुन्यातलं कुंकू पुसून जात नाही. पसरतं. लाल अक्षरं होती तिथं हातभर गुलाबी डाग झाला आणि त्यातून 'भ' दिसतच राहिला.

"ऱ्हाऊ द्या," अण्णा म्हणाले. "मालक रंगवून घेईल."

त्यानंतर मी तिकडं गेले नाही. ऑफिस सुटल्यावर लांबच्या रस्त्यानं घरी जायची. पुढच्या वर्षी नूतनीकरणाचा कागद टपालानं पाठवला, तो परत आला. अण्णा खोल्या सोडून गारगोटीला बहिणीकडं राहायला गेले होते. बहीण बाजाराला कोल्हापुरात आली की कधी रस्त्यात भेटायची. सांगायची, "बरा हाय. ओसरीवर बसून असतोय. बोलत न्हाई काय." मी म्हणायची, सांगा विचारलं म्हणून. तिनं सांगितलं का नाही, माहीत नाही.

मी कायम झाले. पगार वाढला, खाकी साडी मिळाली, आणि पुढं किती वर्षं लोकांच्या माजघरातून याद्या करत हिंडले. माझ्या सांगण्यावरून कित्येकांना भरपाई मिळाली. एका हार्मोनियमवाल्याची बाजू तर मी साहेबांशी भांडून लावून धरली होती. हे सगळं खरं आहे आणि त्यानं काही फिटत नाही.

चार वर्षांनी सामंतसाहेबांची बदली झाली. निरोपाचा कार्यक्रम होता, हार, भाषणं, पेढे. सगळे गेल्यावर साहेब टेबलाचे खण आवरत होते आणि मी कप गोळा करत होते. खणातून एक जुनी फाइल निघाली. त्यांनी उघडून बघितली. वर तो भिंतीचा फोटो होता. लांबूनही मी ओळखला.

साहेबांनी फाइल मिटली, माझ्याकडं न बघता म्हणाले, "इंदूबाई, तुमचा भ फार चांगला आहे. मी पहिल्या दिवसापासून बघतोय."

तेव्हा माझी नोकरी पक्की होती. कुणी काढू शकलं नसतं. फाइल टेबलावर होती, साहेब अजून खुर्चीवर होते, नकार मागं घ्यायची सही करायचा अधिकार संध्याकाळपर्यंत त्यांचाच होता. आणि अण्णा गारगोटीला ओसरीवर बसलेले होते, जिवंत.

मी म्हटलं, "व्हय साहेब," आणि कप घेऊन धुवायला गेले.